टायमिंग मार्क जुळले, तरी काम संपत नाही! कॅमशाफ्ट ‘डिग्री’ करणं म्हणजे नेमकं काय?

इंजिन बांधून झालंय. नवे पिस्टन, नव्या रिंगा, बोरिंग केलेला ब्लॉक, फेसिंग केलेलं हेड आणि हौसेने बाहेरून मागवलेले जास्त ताकदीचे कॅमशाफ्ट. टायमिंग बेल्ट चढवला, पुलीवरच्या खुणा जुळवल्या आणि सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं, पण गाडीला खालच्या गिअरमध्ये दमच नाही. एवढा खर्च करून गाडी आधीपेक्षा मंद झाली, असं वाटायला लागतं.

हे झालं त्यातल्या त्यात बरं. वाईट नशीब असेल तर एक्सलरेटर दाबल्यावर आतून ‘टक’ असा आवाज येतो, व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनवर खड्डे पडतात आणि नुकतंच बांधलेलं इंजिन पुन्हा खोलावं लागतं.

दोन्ही वेळा मेकॅनिक शपथेवर सांगतो, “मार्क बरोबर जुळवले होते.” आणि तो खोटं बोलत नसतो. मार्क जुळलेलेच असतात. पण मार्क जुळणं आणि टायमिंग बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक अंशांमध्ये मोजून दुरुस्त करायच्या कामाला कॅमशाफ्ट ‘डिग्री’ करणं म्हणतात. हे काम कसं चालतं, का करायचं आणि कुठे चुकतं, ते आज समजून घेऊ.

आधी कॅमशाफ्टचं काम समजून घेऊ

चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये हवा आत घेणं, दाबणं, स्फोट आणि धूर बाहेर टाकणं अशी चार कामं होतात. या चार कामांत क्रँकशाफ्ट दोन पूर्ण फेऱ्या मारतो, म्हणजे ७२० अंश फिरतो. तेवढ्यात कॅमशाफ्टची मात्र एकच फेरी होते. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. लोब फिरत आला की व्हॉल्व्ह दाबला जातो आणि उघडतो, लोब पुढे सरकला की स्प्रिंग त्याला बंद करते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. टायमिंगचे जवळजवळ सगळे आकडे क्रँकच्या अंशांत दिलेले असतात. हे विसरलं की पुढची सगळी गणितं दुपटीने चुकतात.

आता वेगाचा अंदाज घ्या. इंजिन ७,२०० आरपीएमवर फिरत असेल तर क्रँक एका सेकंदात १२० फेऱ्या मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ६० वेळा उघडून बंद होतो. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर येत असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. या क्षणी पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अवघं काही मिलिमीटर अंतर उरतं. जास्त लिफ्टचा आणि जास्त काळ उघडा ठेवणारा कॅम बसवला की हे अंतर आणखी कमी होतं.

उदाहरणासाठी एक प्रसिद्ध इंजिन

जपानी कार्टून आणि ड्रिफ्टिंगचे व्हिडिओ बघणाऱ्यांना टोयोटाची एई८६ ही गाडी सांगायला नको. शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या मंगामध्ये टोफू पोचवणारा मुलगा हीच पांढरी-काळी गाडी घाटातून पळवतो. तिच्यात टोयोटाचं ४ए-जीई हे इंजिन होतं: १,५८७ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ७७ मिलिमीटर. इनटेकसाठी एक आणि एक्झॉस्टसाठी एक असे दोन कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि दोघांना फिरवणारा एकच टायमिंग बेल्ट.

जगभरातले हौशी लोक आजही हे इंजिन बांधतात आणि त्यात बाजारातले वेगळे कॅम बसवतात. त्यात व्हॉल्व्हचं टायमिंग आपोआप बदलणारी आजची यंत्रणा नाही. जे टायमिंग तुम्ही बसवाल तेच कायम राहणार. म्हणून डिग्रीचं काम समजून घ्यायला हे इंजिन सोपं आहे. दोन कॅम आणि बेल्ट असलेल्या बाकीच्या इंजिनांनाही तीच पद्धत लागू होते.

मार्क असताना मोजायचं कशाला?

कारण मार्क कंपनीने दिलेले असतात, ते कंपनीच्या मूळ मापांसाठी. इंजिन बांधताना तीच मापं बदलतात.

१. हेडचं फेसिंग. हेडचा किंवा ब्लॉकचा पृष्ठभाग घासला की कॅमशाफ्ट तेवढा खाली, क्रँकच्या जवळ येतो. बेल्टची लांबी तीच राहते. ओढ असलेली बाजू ताणलेली ठेवायला कॅम थोडा मागे फिरतो, म्हणजे टायमिंग उशिरा पडतं. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत आणि दोन दातांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे. म्हणजे पुलीचा घेर १६० मिलिमीटर. हेड अर्धा मिलिमीटर घासलं तर ०.५ भागिले १६० गुणिले ३६०, म्हणजे क्रँकचा सुमारे १.१ अंश फरक पडला. हेड दोन-तीन वेळा घासलेलं असेल तर हा फरक साठत जातो.

२. कॅम बनवतानाचा फरक. पुली ज्या पिनवर बसते ती पिन आणि लोब यांच्यातला कोन मूळ कॅमपेक्षा वेगळा असू शकतो. काही वेळा तो मुद्दाम वेगळा ठेवतात, काही वेळा घडवताना चूक राहते. बाहेरून बघून यातलं काहीच कळत नाही.

३. पुली, चावी, बेल्ट. प्रत्येक भागात थोडी ढिलाई असते. एकेकटी ती किरकोळ असते, सगळी एकाच दिशेला जमली की दोन-तीन अंश होतात.

४. क्रँकची बाहेरची पुली. अनेक इंजिनांत ही पुली दोन भागांची असते आणि मधे रबर असतं. रबर जुनं झालं की बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरची टीडीसीची खूणही सरकते. म्हणजे ज्या खुणेवर सगळं मोजायचं, तीच खोटी!

इथे एक गैरसमजही दूर करू. टायमिंग लाइट लावून जे बघतात ते स्पार्कचं टायमिंग असतं. त्यावरून व्हॉल्व्ह कधी उघडतो हे कळत नाही.

कॅम कार्ड कसं वाचायचं?

चांगला कॅम बनवणारा सोबत एक कागद देतो. त्याला कॅम कार्ड म्हणतात. हा कागद नसेल तर डिग्री करून उपयोग नाही, कारण मोजलेला आकडा ताडून बघायला दुसरा आकडाच नसतो. कार्डावर साधारण या गोष्टी असतात:

- लिफ्ट: व्हॉल्व्ह जास्तीत जास्त किती उघडतो, मिलिमीटरमध्ये.
- ड्युरेशन: व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो.
- उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ: टीडीसी किंवा बीडीसीच्या किती अंश आधी किंवा नंतर. टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, बीडीसी म्हणजे सगळ्यात खाली.
- सेंटरलाइन: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तो बिंदू. इनटेकचा टीडीसीच्या नंतर, एक्झॉस्टचा टीडीसीच्या आधी.

व्हॉल्व्ह अगदी सुरुवातीला फार हळू उघडतो, त्यामुळे ‘नेमका कधी उघडला’ हे सांगणं अवघड असतं. म्हणून तो ठरावीक उंचीला पोचला की मोजतात. अमेरिकी कार्डांवर ही उंची बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर असते. युरोपी आणि जपानी कार्डांवर अनेकदा १ मिलिमीटर असते. दोन कॅमची तुलना करताना हे आधी बघा, नाहीतर एकाच कॅमचे दोन वेगळे आकडे निघतील.

आता एक उदाहरण घेऊ. कार्डावर लिहिलंय: इनटेक टीडीसीच्या ८ अंश आधी उघडतो, बीडीसीनंतर ४० अंशांनी बंद होतो.

ड्युरेशन = ८ + १८० + ४० = २२८ अंश
सेंटरलाइन = २२८ ÷ २ − ८ = १०६ अंश, टीडीसीनंतर

म्हणजे आपल्याला इंजिनमध्ये १०६ हा आकडा मिळायला हवा. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या कॅमचे आकडे तुमच्या कार्डावरच असतील.

सामान काय लागतं?

- डिग्री व्हील: ३६० अंश आखलेली गोल तबकडी. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ. जेवढी मोठी, तेवढं वाचन नेमकं.
- पॉइंटर: जाड तारेचा तुकडा चालतो, पण तो घट्ट बसवलेला हवा.
- डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर चुंबक चिकटत नाही, तेव्हा हेडला लोखंडी पट्टी बोल्टने आवळून तिच्यावर स्टँड ठेवतात.
- पिस्टन स्टॉप: स्पार्क प्लगच्या भोकात बसणारा, पिस्टनला अडवणारा दांडा.
- व्हर्नियर पुली: मधला आणि बाहेरचा भाग वेगळा असलेली कॅमची पुली. बोल्ट ढिले करून दोघांमधला कोन बदलता येतो.
- क्रँक फिरवायला लांब दांड्याचा पाना, आणि वही-पेन.

पायरी १ : खरा टीडीसी शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. इथे दोन अंश चुकलात तर पुढचं प्रत्येक वाचन दोन अंशांनी चुकणार.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? पिस्टन सगळ्यात वर आला की टीडीसी! अडचण अशी की वर पोचताना पिस्टन जवळजवळ थांबतो. ४ए-जीईच्या ७७ मिलिमीटर स्ट्रोकमध्ये टीडीसीजवळ क्रँक १ अंश फिरवला तर पिस्टन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही हलत नाही. ५ अंश फिरवला तरी जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ‘आता वर आला’ म्हणणाऱ्याला हे कळणं शक्य नाही.

म्हणून टीडीसी थेट न शोधता दोन्ही बाजूंनी मोजतात. असं करा:

१. डिग्री व्हील क्रँकला घट्ट बसवा. पिस्टन अंदाजे वर आणून पॉइंटर शून्यावर आणा.
२. क्रँक मागे फिरवून पिस्टन थोडा खाली घ्या. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा.
३. क्रँक हळूच एका दिशेला फिरवा. पिस्टन अडला की आकडा लिहा. समजा ३२ आला.
४. आता उलट दिशेला फिरवा. पुन्हा अडला की आकडा लिहा. समजा २६ आला.
५. दोघांची बेरीज ५८, निम्मे २९. दोन्ही बाजूंना २९ यायला हवेत. म्हणजे आपला शून्य ३ अंशांनी चुकीचा होता. पॉइंटर तेवढा सरकवा.
६. पुन्हा दोन्ही बाजूंनी तपासा. दोन्हीकडे २९ आले की शून्य म्हणजे खरा टीडीसी.
७. स्टॉप काढून ठेवा.

दोन सावधगिऱ्या. स्टॉप आत असताना सेल्फ कधीही मारू नका, बॅटरीची वायर काढूनच काम करा. आणि कॅम, बेल्ट बसवलेले असतील तर पाना जोराने ओढू नका. कुठेही अडल्यासारखं वाटलं तर थांबा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असू शकतो.

पायरी २ : डायल गेज लावा

पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेजचं टोक टेकवा. ४ए-जीईमध्ये कॅम थेट बकेटवर दाब देतो, त्यामुळे टोक बकेटच्या कडेवर टेकवतात. गेज व्हॉल्व्हच्या हालचालीच्या रेषेत असायला हवं. तिरकं लावलं तर लिफ्टचा आकडा चुकतो.

टॅपेट गॅप आधी लावून घ्या. कार्डावरचे आकडे गॅप धरून आहेत की गॅप शून्य मानून, हेही वाचा.

पायरी ३ : मोजा

मोजताना क्रँक नेहमी इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचा. ४ए-जीई समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. सगळी इंजिनं तशी नसतात. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं उलट फिरतात. वाचायचा बिंदू चुकून ओलांडला तर नुसतं एक अंश मागे येऊ नका. चांगली पाव फेरी मागे जा आणि पुन्हा पुढे या. असं केलं नाही तर बेल्टमधली ढील आकड्यात येते.

मोजायच्या दोन पद्धती आहेत.

सेंटरलाइनची पद्धत: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तिथे गेज शून्य करा. मागे जाऊन पुढे या आणि पूर्ण उघडण्याच्या १.२७ मिलिमीटर आधी थांबा. आकडा लिहा, समजा टीडीसीनंतर ७२. तसेच पुढे जा, पूर्ण उघडून व्हॉल्व्ह पुन्हा १.२७ मिलिमीटर बंद झाला की आकडा लिहा, समजा १४८. दोघांची सरासरी ११०. ही सेंटरलाइन.

उघडण्या-बंद होण्याची पद्धत: व्हॉल्व्ह बंद असताना गेज शून्य करा. व्हॉल्व्ह कार्डावरच्या उंचीला पोचला की आकडा लिहा, बंद होताना त्याच उंचीला परत आला की पुन्हा लिहा. समजा टीडीसीच्या ४ अंश आधी उघडला आणि बीडीसीनंतर ४४ अंशांनी बंद झाला. ड्युरेशन ४ + १८० + ४४ = २२८. कार्डाशी जुळलं, म्हणजे कॅम तोच आहे आणि नीट घडवलेला आहे. सेंटरलाइन ११४ − ४ = ११०.

पहिली पद्धत झटपट होते. पण अनेक आधुनिक लोबच्या दोन बाजू सारख्या नसतात, उघडण्याची बाजू वेगवान आणि बंद होण्याची सावकाश असते. अशा कॅमला दुसरी पद्धत जास्त भरवशाची. वेळ असेल तर दोन्ही करा.

आपलं उत्तर काय आलं? हवे होते १०६, मिळाले ११०. म्हणजे मार्क जुळलेले असूनही इनटेक कॅम क्रँकचे ४ अंश उशिरा चालतोय.

एक्झॉस्टचं मोजमाप अगदी तसंच, फक्त आकडे टीडीसीच्या आधीचे. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. इनटेकमध्ये आकडा मोठा आला तर कॅम उशिरा. एक्झॉस्टमध्ये आकडा मोठा आला तर कॅम लवकर, कारण तो टीडीसीपासून मागे मोजलेला असतो. वहीवर प्रत्येक आकड्यापुढे ‘आधी’ किंवा ‘नंतर’ लिहायची सवय ठेवा.

पायरी ४ : पुली सरकवा आणि पुन्हा मोजा

क्रँकचे ४ अंश म्हणजे कॅमचे २ अंश. व्हर्नियर पुलीचे बोल्ट ढिले करा आणि कॅमशाफ्ट फिरण्याच्या दिशेने २ अंश पुढे घ्या. पुलीवरच्या रेघा काही कंपन्या कॅमच्या अंशांत आखतात, काही क्रँकच्या. हे विचारून घ्या. न विचारता सरकवलं तर दुप्पट किंवा निम्मी दुरुस्ती होते.

बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, म्हणजे बेल्ट नीट बसेल. मग पुन्हा मोजा. लागोपाठ तीन वेळा तोच आकडा आला की काम झालं. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येत असेल तर पॉइंटर हललाय, गेज ढिलं आहे किंवा बेल्टचा ताण बरोबर नाही.

पुलीवर फक्त काही अंशांची दुरुस्ती करायची असते. फरक १५-२० अंशांचा निघाला तर बहुतेक बेल्ट एक दात चुकलाय. २० दातांच्या क्रँक पुलीला एक दात म्हणजे १८ अंश.

चार अंशांनी असा काय फरक पडतो?

पिस्टन बीडीसीहून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. वेग जास्त असताना आत येणाऱ्या हवेला जोर असतो, त्यामुळे ती तरीही आत घुसत राहते आणि सिलिंडर जास्त भरतो. वेग कमी असताना मात्र पिस्टन तीच हवा परत बाहेर ढकलतो.

म्हणून इनटेक कॅम लवकर लावला की व्हॉल्व्ह लवकर बंद होतो आणि खालच्या आरपीएमला ओढ वाढते. उशिरा लावला की खालची ओढ जाते, ताकद वरच्या आरपीएमला सरकते. सुरुवातीला सांगितलेली ‘खालच्या गिअरमध्ये दम नाही’ ही तक्रार इथून येऊ शकते.

दोन कॅमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट वेगवेगळे सरकवता येतात, म्हणजे ओव्हरलॅपही कमी-जास्त करता येतो. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ सारख्या जुन्या अमेरिकी इंजिनात ब्लॉकमध्ये एकच कॅम असतो. त्यातले इनटेक-एक्झॉस्ट लोब एकाच दांड्यावर घडवलेले असल्याने दोघं मिळूनच पुढे-मागे होतात.

सुरुवात नेहमी कार्डावरच्या आकड्यापासून करावी. नंतर डायनोवर गाडी लावून एक-दोन अंश इकडे-तिकडे करून बघता येतं. आधी मोजलेलं असेल तरच त्या प्रयोगाला अर्थ असतो.

सगळ्यात मोठा धोका : व्हॉल्व्ह आणि पिस्टन

ताकद कमी मिळाली तर पुली सरकवून परत मिळवता येते. व्हॉल्व्ह वाकला तर मिळत नाही. म्हणून नवीन कॅम बसवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजणं टाळू नका.

हे अंतर बहुधा टीडीसीच्या आसपास सगळ्यात कमी असतं: एक्झॉस्टचं टीडीसीच्या साधारण १० अंश आधी, इनटेकचं साधारण १० अंश नंतर. त्यामुळे इनटेक कॅम लवकर केला की इनटेक व्हॉल्व्हचं अंतर घटतं आणि एक्झॉस्ट कॅम उशिरा केला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं. वर आपण इनटेक ४ अंश लवकर केला, म्हणजे अंतर कमीच केलं. म्हणून हे माप पुली सरकवल्यानंतर घ्यायचं, आधी घेतलेलं चालत नाही.

सोपी पद्धत म्हणजे मुलांची खेळायची माती. पिस्टनवर मातीचा थर लावतात, वरून तेलाचा हात फिरवतात, गॅस्केटसकट हेड आवळतात, बेल्ट लावून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवतात. हेड उघडून माती कापायची आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी मोजायची. गॅस्केट जुनं, दबलेलं घ्या. नवीन घेतलं तर दबल्यावर ते किती पातळ होतं हे हिशोबात धरा.

सर्वसाधारणपणे इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला किमान २.५ मिलिमीटर अंतर ठेवायचा संकेत आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो, म्हणून त्याला जास्त जागा. तुमच्या कॅमवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. अंतर कमी भरलं तर पिस्टनमधल्या व्हॉल्व्हच्या खाचा खोल कराव्या लागतात किंवा दुसरा कॅम निवडावा लागतो. ‘हाताने फिरवलं, कुठे लागलं नाही’ हा पुरावा नाही. वेगात स्प्रिंग मागे पडते, कनेक्टिंग रॉड थोडा ताणला जातो, बेल्ट हलतो. हाताने फिरवताना यातलं काहीच होत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

- पुलीवरच्या खुणेलाच टीडीसी समजणं.
- आकडे पाठ ठेवणं. वहीत लिहा, दुसऱ्याला वाचून दाखवा.
- कॅमचे अंश आणि क्रँकचे अंश यांची सरमिसळ.
- मोजून झाल्यावर बेल्टचा ताण बदलणं. ताण बदलला की टायमिंग पुन्हा मोजायचं.
- आपोआप टायमिंग बदलणाऱ्या इंजिनात ती यंत्रणा तिच्या मूळ जागी लॉक न करता मोजणं.
- फक्त इनटेक मोजून एक्झॉस्ट सोडून देणं.

हे प्रत्येकाला करावं लागतं का?

नाही. कंपनीचेच कॅम आहेत, हेडला हात लावलेला नाही, फक्त बेल्ट बदललाय, तर मार्क जुळवणं पुरेसं आहे. कंपनीने मार्क त्यासाठीच दिलेत. पण कॅम बाहेरचा असेल, हेड किंवा ब्लॉक घासला असेल, पिस्टन बदलले असतील किंवा व्हर्नियर पुली बसवली असेल, तर मोजल्याशिवाय सेल्फ मारू नका. व्हर्नियर पुली तर मोजण्यासाठीच असते. ती शोभेला लावून शून्यावर ठेवली तर पैसे वाया.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधनं घालतं, आणि मोठ्या ओव्हरलॅपच्या कॅममुळे आयडलला धूर वाढून पीयूसीही अडू शकतं. त्यामुळे असे कॅम ट्रॅकवरच्या गाडीतच शोभतात.

गॅरेजमध्ये विचारायचे चार प्रश्न

स्वतः हातात पाना धरणार नसाल तरी इंजिन बांधणाऱ्याला एवढं विचारा: कॅम कार्ड कुठे आहे? टीडीसी कसा शोधला? दोन्ही कॅमची सेंटरलाइन किती आली? व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर किती निघालं? ज्याने मोजलंय तो वही उघडून आकडे दाखवेल. “मार्क जुळवलेत, काळजी करू नका” एवढंच उत्तर आलं, तर सेल्फ मारायच्या आधी त्याला मोजायला लावा. मोजायला एक दिवस जाईल. इंजिन पुन्हा खोलायला किती दिवस आणि किती पैसे जातात, ते त्यालाच विचारा.